गळका शॉकअप: घरी काय जमतं, काय नाही

गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाऊन आलेल्या कितीतरी गाड्या घरी परततात त्या एक नवा आवाज घेऊन. गतिरोधकावरून उतरताना पुढून 'धप्प', खडबडीत रस्त्यावर 'खडखड'. महामार्गावरच्या खड्ड्यांच्या बातम्या दरवर्षी येतात, पण त्या खड्ड्यांनी गाडीच्या पोटात नेमकं काय केलं हे चाकामागे वाकून पाहिल्यावरच कळतं. तिथे एक काळं नळकांडं असतं, तोच शॉकअप, आणि त्यावर तेलाचा ओघळ आलेला दिसतो.

मग तीन दिशांनी तीन सल्ले येतात. एक म्हणतो दोन्ही नवे टाका. दुसरा म्हणतो कशाला, पाव किमतीत भरून मिळतो. तिसरा सांगतो, व्हिडिओ बघ आणि घरीच कर. या तिसऱ्या सल्ल्यात काही भाग अगदी खरा आहे आणि काही भाग हात मोडणारा. दोन्ही वेगळे करून पाहू.

उत्तर आधीच सांगतो. आजच्या बहुतेक गाड्यांतला शॉकअप आतून उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेलाच नसतो. घरी दुरुस्त होते ती त्याच्या आजूबाजूची जोडणी. तो स्वतः गेला असेल तर बदलावा लागतो. मागचा शॉकअप बऱ्याच गाड्यांत घराच्या अंगणात बदलता येतो. पुढचा काढता-बसवता येतो, पण त्याच्यावरची स्प्रिंग घरी सोडवू नये.

## स्प्रिंग धक्का घेते, मग शॉकअप काय करतो?

नावामुळे गैरसमज होतो. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा असं आपण धरून चालतो, पण खड्ड्याचा धक्का आधी घेते ती स्प्रिंग. गाडीचं वजनही स्प्रिंगच पेलते. अडचण अशी की स्प्रिंग दाबली गेली की उसळते, उसळली की पुन्हा दबते आणि हे चालूच राहतं.

झोपाळा आठवा. एकदा जोरात झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो. थांबवायचा असेल तर आपण पाय जमिनीला घासतो. शॉकअप हा तो घासणारा पाय आहे. म्हणून अभियंते त्याला डॅम्पर म्हणतात, म्हणजे हेलकावे शमवणारा. आपल्या गॅरेजांत तो शॉकअप, आणि इथेही आपण तोच शब्द वापरू.

शमवायच्या हालचाली दोन असतात. गाडीची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली डोलते. चाक मात्र खूप हलकं असल्यामुळे सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतं. बॉडीचं डोलणं आपल्याला सीटवर कळतं. चाकाचं थरथरणं कळत नाही, आणि धोका जास्त तिथेच आहे. थरथरणारं चाक क्षणाक्षणाला रस्ता सोडतं. रस्ता सोडलेल्या टायरला ब्रेक लावून उपयोग नसतो. शॉकअप गेल्याचं खरं नुकसान पोट ढवळण्यात नाही, ब्रेक लागायला जास्त अंतर लागण्यात आहे.

## नळकांड्याच्या आत

होळीची पिचकारी घ्या, तिचं तोंड बंद करा आणि दट्ट्यालाच बारीक भोकं पाडा. आता दट्ट्या ढकलला तर पाणी बाहेर जाणार नाही. ते त्या भोकांतून दट्ट्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाईल. हळू ढकला, सहज जाईल. जोरात ढकला, हाताला विरोध जाणवेल. शॉकअप म्हणजे हेच. पाण्याऐवजी तेल, आणि साध्या भोकांऐवजी पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा, ज्या दाबाप्रमाणे कमी-जास्त वाकतात. गाडीच्या हेलकाव्याची ऊर्जा तेल ढकलण्यात खर्च होते आणि तिची उष्णता होते.

छोट्या गाड्यांतले बहुतेक शॉकअप दुहेरी नळीचे असतात. आतल्या नळीत दट्ट्या फिरतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्यावर थोडा वायू असतो. हा वायू लागतोच. दट्ट्याचा दांडा आत शिरला की तेवढ्या आकाराचं तेल कुठेतरी सरकायला हवं, आणि तेल स्वतः दबत नाही, वायू दबतो.

तो वायू दाबाखाली का भरतात? सोड्याची बाटली पाहा. झाकण घट्ट असेपर्यंत आत बुडबुडे दिसत नाहीत, उघडलं की फसफसतं. खराब रस्त्यावर शॉकअपमधलं तेलही ताकासारखं घुसळलं जातं. वरून दाब नसेल तर त्याचा फेस होतो आणि फेस झडपेतून विनाविरोध निघून जातो. म्हणून आत कोरडा नायट्रोजन भरतात, दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये साधारण ३ ते ८ बार दाबाने. तुलनेसाठी, आपल्या टायरमध्ये २ बारपेक्षा थोडा जास्त दाब असतो. एकेरी नळीचा जो प्रकार महागड्या गाड्यांत येतो, त्यात तर २० ते ३० बार. ड्रिल मशीन हातात घेण्याआधी हा आकडा लक्षात ठेवा.

## आवाज येतो म्हणजे शॉकअपच गेला असं नाही

पैसे सर्वांत जास्त इथे वाया जातात. खडखड आवाज करणारे भाग पुढच्या प्रत्येक चाकाशी चार-पाच असतात आणि त्यात शॉकअप क्वचितच पहिला दोषी निघतो. उलट पूर्ण मेलेला शॉकअप अनेकदा अजिबात आवाज करत नाही. तपासणी घरीच करा, तिला अवजारंही फारशी लागत नाहीत.

आधी डोळ्यांनी. शॉकअपच्या वरच्या भागावर तेलाचा पातळ थर आणि त्यावर बसलेली धूळ दिसली तर घाबरू नका. दांडा आत-बाहेर करताना सीलला (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्याला) वंगण म्हणून थोडं तेल लागतंच, त्याचा तो घाम. ओघळ खालपर्यंत आला असेल, हात ओला होत असेल, तर गळती. शंका असेल तर कापडाने कोरडा पुसा, १५०-२०० किलोमीटर गाडी चालवा आणि पुन्हा बघा. पावसाळ्यात हे जास्तच गरजेचं, कारण तेव्हा सगळंच ओलं दिसतं. ओल तेलाचीच आहे ना, तेही बघा. वरून गळणारं ब्रेक ऑइल किंवा फाटलेल्या बूटमधून (सांध्यावरच्या रबरी आवरणातून) उडालेलं ग्रीसही शॉकअपवर येऊन बसतं.

मग दाबून पाहणं. बोनेटच्या कोपऱ्यावर पत्र्याला पोचा येणार नाही अशा जागी वजन टाकून दोन-तीन वेळा दाबा आणि खालच्या टोकाला सोडून द्या. गाडी वर येऊन जागेवर बसली पाहिजे. दोन-तीन हेलकावे खाल्ले तर शॉकअप संपलाय. पण ही चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. हाताने दाबण्याचा वेग खड्ड्यापेक्षा फार कमी असतो, म्हणून अर्धमेला शॉकअप यात पास होतो.

त्याला पकडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, टायरवर तळहात फिरवा. रबर ठरावीक अंतरावर खोलगट झिजलेलं, लाटांसारखं लागलं तर ते चाक बराच काळ उड्या मारत आलंय. दोन, खडबडीत रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून लगेच चारही शॉकअपना हात लावा, सायलेन्सरपासून जपून. काम करणारा शॉकअप कोमट झालेला असतो. पुढच्या जोडीतला एक कोमट आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला कामच करत नाहीये.

आता आवाजाचं. छोट्या-छोट्या खड्ड्यांत 'टकटक' येत असेल तर आधी लिंक रॉड बघा. स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी जास्त झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्याला) शॉकअपशी जोडणारी ही वीतभर कांडी आहे, तिचे गोळे ढिले होतात. हाताने हलवली तरी खेळ जाणवतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना 'टण्ण' आवाज येत असेल तर एकाला स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगवर हलकेच बोटं टेकवा, वेढ्यांच्या मध्ये घालू नका. स्प्रिंग पीळ घेऊन झटक्याने सुटत असेल तर वरच्या माउंटिंगमधली (शॉकअपला वर बॉडीशी धरणाऱ्या जोडणीतली) बेअरिंग अडकलीये, शॉकअप ठीक असू शकतो. ब्रेक लावताना एकच 'धप्प' येत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांडीचे) बुश पाहा. बुश म्हणजे दोन लोखंडी भागांमधलं रबर.

मोठ्या खड्ड्यात जोरदार आदळल्यावर गाडी एका बाजूला ओढू लागली असेल, तर दांडा वाकल्याचा संशय घ्यावा. गॅरेजमध्ये यासाठी वरचा नट ढिला करून दांडा पूर्ण एक फेरी फिरवतात आणि चाकाचा वरचा भाग आत-बाहेर होतो का ते बघतात. होत असेल तर दांडा वाकलेला आहे. तो सरळ करायचा नसतो, तो शॉकअप संपला.

## 'भरून मिळेल' या सल्ल्याचं काय?

जिथे शॉकअप 'भरतात', तिथे साधारण असं होतं. नळीला भोक पाडतात, उरलेलं तेल आणि वायू जाऊ देतात, नवं तेल ओततात, भोक वेल्डिंगने बुजवतात आणि वरून काळा रंग मारतात. हाताने दाबून पाहिलं तर तो छान कडक लागतो. ग्राहक खूश होतो. काही महिन्यांत तो पुन्हा गळतो, आणि याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

तेल गेलं ते परिणाम म्हणून. कारण आहे सील आणि दांडा. दांड्यावर गुळगुळीत कठीण क्रोम असतं. रबरी डस्ट कव्हर फाटलं की चिखल आणि खडीची कच दांड्यावर बसते, प्रत्येक हेलकाव्याबरोबर सीलखाली जाते आणि क्रोमवर चरे पाडते. त्यात पावसाचं पाणी गेलं की गंजाचे टिपके उठतात. नखाला जाणवेल एवढा टिपकाही सीलची कड दर फेरीला खरवडतो. नवं तेल ओतून ना दांडा बदलला, ना सील. गळतीचं मूळ तसंच राहिलं.

दुसरं, तेल कुठलं ओतलं? शॉकअपचं तेल अतिशय पातळ असतं, शिलाई मशीनच्या तेलाच्या जवळपास. त्याच्या जागी इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल घातलं तर ते कित्येक पट घट्ट पडतं. त्या पोलादी चकत्या पातळ तेलाच्या हिशोबाने बसवलेल्या असतात. घट्ट तेलात शॉकअप दगडासारखा होतो, धक्का थेट बॉडीला आणि माउंटिंगला जातो. 'कडक झाला म्हणजे चांगला झाला' ही समजूत इथूनच येते आणि ती चूक आहे.

तिसरं, वायू. भोक पाडलं तेव्हाच तो गेला. नायट्रोजन मोजून परत भरायला खास यंत्र लागतं, ते रस्त्याकडेच्या दुकानात नसतं. आत उरते साधी हवा, दाबाशिवाय. म्हणजे खराब रस्त्यावर पुन्हा फेस.

चौथं, डावा आणि उजवा सारखा राहत नाही. कारखान्यात तेल मोजून भरतात, वायू भरतात आणि नळीची कड यंत्राने आत वळवून कायमची बंद करतात. चाकणला आणि नाशिकला शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने आहेत, म्हणजे हे काम आपल्याच राज्यात रोज होतं. पण ते यंत्रावर होतं. छोट्या शॉकअपमध्ये तेल असतं जेमतेम पाव लिटरच्या आसपास. त्यात अंदाजाने ओतताना दोन्ही बाजूंत थोडा जरी फरक पडला तरी ब्रेक लावताना गाडी तिरकी बसते.

आणि जे घरी करून बघायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी: दाबाखालच्या नळीला ड्रिल लावलं की तेल डोळ्यांत उडतं. तेल-वायू असलेल्या बंद नळीवर वेल्डिंग केलं किंवा ती तापवली तर ती फुटू शकते. हे अजिबात करू नका.

## पण पूर्वी तर भरायचे, आणि बाइकचे तर आजही भरतात!

बरोबर आहे. काही जुन्या गाड्यांच्या स्ट्रटचं (पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या खांबाचं) झाकण आट्यांचं असायचं. ते उघडून सील आणि तेल बदलता येई, किंवा आत पूर्ण नवी कांडी घालता येई. बाइकच्या पुढच्या फोर्कचं तेल आणि ऑइल सील बदलणं हे तर आजही नेहमीचं काम आहे, कारण फोर्क उघडण्यासाठीच बनवलेला असतो, त्याचं सील सुटं मिळतं आणि तेलाचा दर्जा व मिलिलिटरमधलं माप पुस्तिकेत छापलेलं असतं. रॅलीच्या गाड्यांचे महाग शॉकअपही उघडता येतात. ओळख सोपी आहे. वरचं झाकण पान्याने फिरण्याजोगं आहे का, की नळीची कड आत वळवून बंद केलीये? वळवलेली असेल तर तो शॉकअप एकदाच वापरायचा.

## घरी खरोखर दुरुस्त होण्यासारखं

डस्ट कव्हर, बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दबल्यावर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून दांड्यावर असलेला फोमचा तुकडा), वरचं माउंटिंग, खालचे बुश, लिंक रॉड. यातले बरेच भाग स्वस्त आहेत आणि शॉकअपचं आयुष्य त्यांच्यावरच अवलंबून असतं. कोरडा, निरोगी शॉकअप पण डस्ट कव्हर फाटलेलं, अशी स्थिती दिसली तर लगेच कव्हर बदला. ते बंप स्टॉपरसह मिळतं.

लिंक रॉडच्या कामात एक गोष्ट नेहमी अडते. नट फिरवला की आतला गोळाही त्याच्याबरोबर फिरत राहतो. गोळ्याच्या टोकाला ॲलन कीची खाच असते किंवा मागे पान्यासाठी चपटी जागा असते. ती धरून ठेवून नट सोडवायचा. किनाऱ्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेने हे नट इतके गंजतात की आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा, सकाळी वायर ब्रशने आटे साफ करावेत आणि पुन्हा स्प्रे मारावा. तरीही खाच घासली गेली तर नट कापून काढणं आलं.

## मागचा शॉकअप: हे काम अंगणात होतं

मारुती स्विफ्टसारख्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. त्यामुळे शॉकअप काढताना स्प्रिंग दाबून धरावी लागत नाही. काही गाड्यांत मात्र मागेही स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते. तशी असेल तर हा भाग सोडा आणि पुढचा वाचा.

लागणारं सामान: जॅक, दोन मजबूत जॅक स्टँड, चाकांना लावायला लाकडी ओंडके, रिंग पाने आणि सॉकेट, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), गंज सोडवणारा स्प्रे, दोन नवे शॉकअप आणि नवे सेल्फ-लॉकिंग नट. हे नट पुन्हा वापरायचे नसतात, त्यांची पकड एकदाच पूर्ण असते.

जागा सपाट आणि पक्की हवी. मातीत जॅक खचतो. मागची चाकं उचलणार म्हणजे हँडब्रेकचा उपयोग संपला, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. गाडी उचला, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी स्टँड लावा आणि हात घालण्याआधी गाडीला बाजूने हलवून पाहा. काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड निसटलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांसाठीही नाही.

आता बरेच जण चुकतात ती पायरी. शॉकअपचा बोल्ट काढण्याआधी जॅक मागच्या ॲक्सलखाली लावून त्याला आधार द्या. ॲक्सल किती खाली लोंबेल ही मर्यादा शॉकअपच ठरवत असतो. आधार नसताना बोल्ट काढला तर ॲक्सल खाली पडतो, ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. एका वेळी एकाच बाजूचं काम करा.

वरची जोडणी काही गाड्यांत डिकीतल्या प्लास्टिकच्या आवरणामागे असते, काहींत चाकाच्या कमानीत. वरचा नट सोडवताना दांडा फिरू लागतो. टोकाशी असलेल्या चपट्या जागेवर पाना लावून तो धरा. दांडा पकडीने कधीच धरू नका. जुना फेकायचाच आहे म्हणून सवय लागते आणि नव्याच्या क्रोमवर तोच चरा उठतो. एअर गनही वापरू नका. दांडा वेगात फिरून आतला दट्ट्या आणि सील दोन्हींना त्रास होतो.

नवा शॉकअप खोक्यातून काढून थेट बसवायचा नाही. दुकानात तो आडवा पडलेला असतो, त्यामुळे दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये वायू आतल्या नळीत शिरलेला असतो. दांडा वर ठेवून सरळ उभा धरा, हळूहळू पूर्ण खाली दाबा, पूर्ण वर येऊ द्या. असं चार-पाच वेळा. सुरुवातीला मध्येच पोकळ जागा जाणवेल, हात एकदम खाली जाईल. ती नाहीशी झाली की शॉकअप तयार. नंतर आडवा ठेवू नका. वायूचा शॉकअप सोडल्यावर आपोआप वर येतो. त्याच्यावरचा पट्टा कापताना चेहरा बाजूला ठेवा.

बसवताना बोल्ट आधी फक्त हाताने लावा. मग ॲक्सलखालचा जॅक वर घ्या, बॉडी स्टँडवरून जेमतेम हलकी होईपर्यंत. या स्थितीत गाडी चाकांवर उभी असल्यासारखी असते आणि बोल्टचं शेवटचं आवळणं इथेच करायचं. ॲक्सल लोंबत असताना आवळलं तर बुशमधलं रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नवा शॉकअप बसवूनही आवाज परत येतो, त्यामागे बरेचदा हीच चूक असते.

किती आवळायचं ते आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही. आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १० किलो वजन टांगल्याएवढा जोर.

## पुढचा स्ट्रट: इथे थांबायचं कुठे

बहुतेक गाड्यांत पुढे शॉकअप, स्प्रिंग आणि वरचं माउंटिंग मिळून एकच खांब असतो. त्याला स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही रचना पुढे आणली आणि छोट्या गाड्यांत ती जगभर रुजली, कारण जागा आणि खर्च दोन्ही वाचतात. दुरुस्तीच्या दृष्टीने तिची अडचण एकच: स्प्रिंग शॉकअपवर दाबून बसवलेली असते आणि तिला जागेवर धरणारा असतो दांड्याच्या टोकाचा एक नट.

सुमारे ९०० किलोच्या हॅचबॅकमध्ये पुढच्या एका चाकावर अडीचशे किलोहून जास्त वजन येतं. स्ट्रट गाडीतून काढला तरी स्प्रिंग पूर्ण मोकळी नसते, आणि सुटं करण्यासाठी तिला आणखी दाबावं लागतं. त्या क्षणी बाजारातल्या दोन स्वस्त हुकांपैकी एक घसरला तर स्प्रिंग आणि माउंटिंग गोळीसारखं सुटतं. यात जबडे फुटलेत, बोटं गेलीत.

म्हणून मधला मार्ग. स्ट्रट घरी काढा, तसाच अखंड गॅरेजमध्ये न्या, जिथे स्प्रिंग दाबायचं स्थिर यंत्र आहे तिथे शॉकअप बदलून घ्या, घरी आणून बसवा. काम अर्ध्याहून जास्त तुमचंच राहतं.

काढताना आधी वरचे नट ओळखा. काही गाड्यांत माउंटिंगला बॉडीशी धरणारे दोन-तीन नट बाहेरच्या वर्तुळात असतात आणि मधला मोठा नट स्प्रिंगचा असतो, त्याला हात लावायचा नाही. काही छोट्या गाड्यांत मात्र मधोमधच वाटीसारख्या चकतीवर एक नट असतो, तोच स्ट्रटला बॉडीशी धरतो, आणि स्प्रिंगचा नट त्याच्या खाली दडलेला असतो. आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय पाना लावू नका.

बाकी क्रम असा. चाक काढा. ब्रेकच्या पाइपची क्लिप आणि एबीएसची वायर स्ट्रटपासून मोकळी करा, लिंक रॉड सोडवा. स्ट्रट खाली नकलला दोन जाड बोल्टनी जोडलेला असतो. नकल म्हणजे चाकाची बेअरिंग धरणारा जाड लोखंडी भाग. सोडवण्याआधी त्या जोडावर पांढऱ्या रंगाने रेघ मारून ठेवा, म्हणजे बसवताना चाकाचा कल साधारण तोच येईल. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलतो. त्याला लगेच दोरीने बांधा. तसाच लोंबू दिला तर ब्रेकचा पाइप ताणतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला पोहोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटतो. तो निसटला तर एका सकाळचं काम दोन दिवसांचं होतं. शेवटी एका हाताने स्ट्रट धरून वरचे बॉडीचे नट काढा.

गॅरेजमधून परत आल्यावर स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीच्या पायरीला नीट टेकलंय का ते स्वतः बघा. टोक पायरीवर चढलेलं असेल तर पहिल्याच खड्ड्यात 'टण्ण' होतं. नवं डस्ट कव्हर, नवा बंप स्टॉपर आणि माउंटिंगची बेअरिंग त्याच वेळी बदला, कारण पुन्हा तिथे पोहोचायला हेच सगळं करावं लागतं. पुढचं काम झालं की व्हील अलाइनमेंट करावीच लागते, रेघ कितीही नीट जुळवली तरी.

## एकच बदलला तर चालेल?

एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक ६० हजार किलोमीटर चाललेला असेल, तर वळणावर किंवा ब्रेक लावताना दोन बाजू दोन तऱ्हेने वागतात. जोडीनेच बदला. चारही एकदम बदलायची सक्ती नाही. पुढची जोडी आता, मागची तपासून नंतर, असं चालतं. अपवाद एकच: गाडी जवळजवळ नवी असेल आणि अपघातात एकच वाकला असेल.

## स्प्रिंगमध्ये रबरी बफर घातले तर शॉकअप वाचतो का?

नाही. वेढ्यांमध्ये बसवायचे हे बफर गाडी थोडी उचलतात आणि स्प्रिंग कडक करतात. स्प्रिंग कडक झाली की तिची उसळीही जोरदार होते आणि ती शमवायला शॉकअपला उलट जास्त काम पडतं. गेलेला शॉकअप बफरने झाकला जातो, बरा होत नाही.

## विमा देतो का?

झिजून गळणाऱ्या शॉकअपचे पैसे मिळत नाहीत. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत वगळलेले असतात. खड्ड्यात आदळून स्ट्रट वाकला, रिम गेली, तर ते अपघाती नुकसान आहे आणि सर्वसमावेशक पॉलिसीत दावा करता येतो. त्यासाठी गाडी खोलण्याआधी जागेवरचे फोटो काढा आणि कंपनीला कळवा. घरी स्ट्रट काढून मग सर्व्हेअरला बोलावलं तर पुरावाच उरत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये स्वतःचे जातात, आणि साध्या पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. म्हणजे फक्त लिंक रॉड आणि बुशसाठी दावा करून नो क्लेम बोनस घालवणं परवडत नाही.

## काम झाल्यावर

पहिले काही किलोमीटर हळू चालवा, गतिरोधकावरून मुद्दाम दोनदा जा आणि कान द्या. वरून हलका 'टक' आला तर वरचा नट किंवा रबराचं वायसर बघा. १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि काढलेला प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. जुने शॉकअप भंगारात देताना आत दाबाखाली वायू आहे हे भंगारवाल्याला स्पष्ट सांगा, म्हणजे तो गॅस कटर लावणार नाही. गळलेलं तेल पुसलेली कापडं गटारात किंवा विहिरीजवळ टाकू नका. गॅरेजमध्ये जुन्या इंजिन ऑइलचं पिंप असतं, तिथे द्या.